स्पीड शंभरचा, तरी गेम का अडकतो?

मे महिन्यात कोल्हापूरला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी भाच्याने लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. एका खिडकीत स्पीड टेस्टचा ९७ एमबीपीएस हा आकडा झळकत होता आणि दुसऱ्या खिडकीत व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या गेमच्या सामन्यातून तो नुकताच बाहेर फेकला गेला होता. "मामा, स्पीड तर शंभरच्या आसपास दाखवतंय, मग गेम का अडकतो?" हा त्याचा प्रश्न होता. त्याआधीच्या पंधरवड्यात त्याने ५० चा प्लॅन १०० चा करून घेतला होता, डीएनएसचे, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचे, पत्ते बदलले होते, फोनवर एक 'गेम बूस्टर' उतरवून घेतला होता आणि राउटर तर तो दिवसातून चार वेळा बंद-चालू करत होता. या साऱ्या उपायांमागे एकच समजूत होती, ती म्हणजे नेट मंद आहे. माझ्या अनुभवात ही समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते आणि तिच्यापायी लोकांचे पैसे व आठवडे वाया जातात. खेळणाऱ्याच्या बोटापासून सर्व्हरपर्यंतची, म्हणजे गेम चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंतची वाट चार टप्प्यांची असते: घरातले वाय-फाय किंवा केबल, घरापासून इंटरनेट पुरवठादारापर्यंतची तार, पुरवठादारापासून सर्व्हरपर्यंतचा लांबचा मार्ग आणि शेवटी खुद्द सर्व्हर. बिघाड यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी मोजून ठरवावे आणि मगच कशाला हात लावावा.

रुंदी वेगळी, वेळ वेगळी

एमबीपीएस हा आकडा एका सेकंदात किती माहिती वाहून येऊ शकते एवढेच सांगतो. गेमला माहिती थोडीच लागते. आपला खेळाडू कुठे उभा आहे, कोणीकडे पाहतो आहे, कोणती कळ दाबली गेली, असे बारीकसारीक तपशील पॅकेट नावाच्या छोट्या पुडक्यांतून दर सेकंदाला कित्येक वेळा सर्व्हरकडे जातात आणि इतर खेळाडूंचे तसेच तपशील परत येतात. बहुतेक गेमचे हे काम एक एमबीपीएसच्या आत भागते. म्हणून ५० चा प्लॅन १०० चा केल्याने गेम मोठ्या आकाराचे अपडेट लवकर उतरवून घेईल, पण सामना सुरळीत होईलच असे नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सहा पदरी आहे म्हणून एका गाडीला खोपोलीहून लोणावळ्याला चढायला कमी वेळ लागत नाही. पदर वाढले की एका वेळी जास्त गाड्या जातात, प्रत्येक गाडीचा प्रवास मात्र तेवढाच राहतो.

गेमला महत्त्वाचा असतो तो हा प्रवासाचा वेळ. पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास जितके मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे जितके हजारावे भाग लागतात, त्यास पिंग म्हणतात. माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये हे मोजणारी छोटी आज्ञावली लिहिली आणि पाणबुडीच्या सोनारमधून निघणाऱ्या नादावरून तिला पिंग हे नाव दिले. ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी कधी येतो ते पाहायचे, हीच त्यामागची कल्पना होती.

या वेळेचा एक भाग निसर्गानेच ठरवून दिलेला आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर धावतो. कोल्हापूर ते मुंबई हे अंतर रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंदांहून कमी वेळ पुरायला हवा. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून प्रत्यक्षात १० ते २० मिलिसेकंद लागले तर ते उत्तमच म्हणायचे. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, त्यामुळे तिथल्या सर्व्हरवर ३९ मिलिसेकंदांहून कमी पिंग कोणालाही, कितीही पैसे मोजून, मिळू शकत नाही. न्यू जर्सीतला चुलतभाऊ आणि पुण्यातली बहीण एकाच सामन्यात खेळत असतील तर दोघांपैकी एकाला तरी बराच मोठा पिंग सोसावा लागणार, कारण सर्व्हर दोघांच्याही दारात असू शकत नाही. म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रदेश कोणता निवडला गेला आहे, हे सर्वांत आधी पाहावे. मुंबईचा सर्व्हर उपलब्ध असताना चुकून सिंगापूरवर खेळणारी मुले मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहेत.

पिंग थोडा जास्त असला तरी खेळता येते. तो सारखा खाली-वर होत असेल तर खेळता येत नाही. गणपतीतल्या ढोल पथकात ठेका संथ असला तरी चालतो, कारण सगळे त्याच्याशी जुळवून घेतात, पण एखादा ढोल कधी लवकर, कधी उशिरा पडू लागला की सारी रांग विसकटते. पिंगमधल्या या चढउताराला जिटर म्हणतात. आणि एखादे पॅकेट वाटेतच हरवले, तर त्यास पॅकेट लॉस म्हणतात. वेगवान गेम बहुधा यूडीपी नावाची पद्धत वापरतात आणि तिच्यात हरवलेले पॅकेट आपोआप पुन्हा पाठवले जात नाही. ठोका चुकला तर तो मागाहून वाजवून उपयोग नसतो, तशी दोन क्षणांपूर्वीची जागा आता कळून गेमलाही उपयोग नसतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे साधारण दर ७.८ मिलिसेकंदांनी जगाची स्थिती नव्याने ठरवतो. शंभरातली दोन-तीन पॅकेट हरवली तरी तिथे ते जाणवते; तेवढ्याच नुकसानीत सिनेमा मात्र निवांत चालू राहतो, कारण त्याने पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवलेले असतात. "यूट्यूब तर नीट चालतं" ही घरातल्यांची साक्ष म्हणूनच या प्रकरणात फारशी कामाची नसते.

पडद्यावर दिसते ते काय सांगते

खेळणाऱ्याच्या तक्रारीत निदानाची निम्मी सामग्री असते, म्हणून 'लॅग होतो' एवढ्यावर न थांबता नेमके काय होते हे विचारून घ्यावे. माउस हलवून आपली स्वतःची नजर फिरवताना चित्र अडखळत असेल, तर तो दोष जोडणीचा नसून यंत्राचा आहे, कारण आपली नजर फिरवण्यासाठी सर्व्हरची परवानगी लागतच नाही. अशा वेळी लॅपटॉप तापला आहे का, चार्जर लावला आहे का आणि चित्राचा दर्जा झेपण्यापेक्षा जास्त ठेवला आहे का, ते पाहावे; राउटरला दोष देऊ नये.

याउलट नजर सुरळीत फिरते, पण चार पावले पुढे गेलेला आपला खेळाडू अचानक मागे ओढला जातो, असे होत असेल तर प्रश्न नेटचा आहे. १९९६ मध्ये आलेल्या क्वेकवर्ल्ड या गेमपासून गेममध्ये एक युक्ती रुजली आहे: कळ दाबताच सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता आपला संगणक आपल्या खेळाडूला अंदाजाने पुढे नेतो आणि उत्तर आले की अंदाज ताडून पाहतो. अंतिम शब्द सर्व्हरचा असतो. आपली पॅकेट वाटेत हरवली किंवा फार उशिरा पोहोचली तर सर्व्हरच्या लेखी आपण अजून जुन्याच जागी उभे असतो, आणि तो आपल्याला तिथे परत नेऊन ठेवतो. इतर खेळाडू एका जागेवरून नाहीसे होऊन दुसरीकडे उगवत असतील, तर त्यांच्याविषयीची माहिती आपल्यापर्यंत येताना तुटते आहे, असे समजावे.

"मी भिंतीमागे गेलो होतो, तरी मला गोळी लागली" ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यात फसवणूक क्वचितच असते. समोरच्याचा पिंग ८० असेल तर त्याला दिसणारे चित्र मुळातच क्षणभर जुने असते. त्याने त्या चित्रावर अचूक नेम धरला तर तो नेम वाया जाऊ नये म्हणून सर्व्हर काळ थोडा मागे नेतो आणि त्या क्षणी आपण कुठे होतो ते तपासून निकाल देतो. गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली आणि नेम धरून खेळण्याच्या बहुतेक गेममध्ये तिचे काही ना काही रूप आज आढळते. आपल्या घरचे नेट कितीही सुधारले तरी ही तक्रार पूर्णपणे मिटणार नाही, कारण ती दोन माणसांमधल्या अंतरातून येते.

शेजारी शेजारी दोन खिडक्या

बिघाडाचा टप्पा शोधण्यासाठी मला आजवर यापेक्षा सोपा मार्ग सापडलेला नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या, दोन खिडक्या उघडाव्यात. पहिलीत इंग्रजीत पिंग हा शब्द, मग एक जागा सोडून राउटरचा पत्ता, जो बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो, आणि शेवटी आडवी छोटी रेघ व तिला चिकटून इंग्रजी टी हे अक्षर लिहावे. दुसरीत तेच लिहावे, फक्त पत्ता बाहेरचा द्यावा, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८. दोन्ही खिडक्यांत दर सेकंदाला एक ओळ उमटू लागते. आता गेम सुरू करावा, नेहमीसारखे खेळावे आणि अडखळले की लगेच दोन्हींकडे पाहावे. थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की किती पॅकेट हरवली याची टक्केवारीही खाली मिळते.

राउटरकडची खिडकीच एक-दोन मिलिसेकंदांवरून शंभरावर उड्या मारत असेल, तर दोष घराच्या चार भिंतींत आहे आणि पुरवठादाराला फोन करून काही साधणार नाही. राउटरची खिडकी शांत आहे आणि बाहेरची बिथरली आहे, असे असेल तर दोष राउटरच्या पलीकडे आहे किंवा राउटरच्या दारातल्या रांगेत आहे. दोन्ही शांत असूनही गेममधला पिंगचा आकडा चढलेला असेल, तर लांबच्या मार्गावर किंवा सर्व्हरवर संशय घ्यावा.

घरातला दोष बहुधा वाय-फायचा असतो. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि त्यात शेजाऱ्यांचे राउटरही येतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत संध्याकाळी तिथे काय गर्दी होत असेल याची कल्पना करता येईल. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा जास्त आहे, परंतु ती लहर सिमेंटच्या भिंतीतून आणि लोखंडी कपाटामागून नीट जात नाही, म्हणून राउटर आणि खेळण्याची जागा एकाच खोलीत असावी. सर्वांत खात्रीचा उपाय साधी लॅन केबल हाच आहे. कॅट ५ई ची केबल शंभर मीटरपर्यंत काम करते आणि दारावरून, भिंतीच्या कडेने नेलेली पंधरा मीटरची केबल काही शे रुपयांत जे करून दाखवते, ते महागड्या 'गेमिंग राउटर'ला नेहमीच जमते असे नाही. फोनवर खेळणाऱ्यांना हा मार्ग सहज उपलब्ध नसतो. त्यांनी ५ गिगाहर्ट्झ निवडावा, बॅटरी वाचवण्याची सोय खेळताना बंद ठेवावी आणि सिमकार्डाच्या डेटावर खेळत असल्यास हे लक्षात ठेवावे की दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्याचा डेटा थांबतो.

राउटरच्या दारातली रांग

भाच्याच्या घरी राउटरची खिडकी शांत होती, कारण त्याचा लॅपटॉप मी आधीच केबलने जोडला होता. बाहेरची खिडकी २२, २१, २३ अशी छान चालली होती. नऊच्या सुमारास ती एकदम १४०, मग २९०, मग ३८० अशी चढली आणि तिथेच राहिली. त्याच वेळी बहीण बाहेरून घरी आली होती. तिच्या फोनमध्ये आदल्या दिवशीच्या लग्नाचे दोनशेहून अधिक फोटो आणि व्हिडिओ होते आणि घरचे वाय-फाय मिळताच फोनने ते सगळे क्लाउडमधल्या, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीकडे पाठवायला सुरुवात केली होती. मी तिच्या फोनचे वाय-फाय बंद करायला सांगितले आणि पुढच्या दोन ओळींत आकडा पुन्हा २२ वर आला. चालू केले, पुन्हा ३८०. हे आम्ही तीनदा करून पाहिले, कारण एकदा घडलेली गोष्ट योगायोग असू शकते.

येथे काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्या जोडणीत माहिती बाहेर पाठवण्याची क्षमता केवळ १० एमबीपीएसची होती. त्यांच्या प्लॅनच्या जाहिरातीतला शंभरचा आकडा हा बाहेरून आत येण्याचा होता. राउटरमध्ये बाहेर जाणारी पॅकेट थांबण्यासाठी बफर नावाची जागा असते. फोटो पाठवणारे टीसीपी हे तंत्र पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत राहते, आणि बफर मोठा असेल तर पॅकेट हरवण्याऐवजी नुसती साठत जातात. अर्धा मेगाबाइट एवढा माल रांगेत साठला म्हणजे चार मेगाबिट झाले आणि १० एमबीपीएसच्या दारातून ते बाहेर पडायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद लागतात. त्या रांगेच्या शेवटी येऊन उभ्या राहिलेल्या गेमच्या इवल्याशा पॅकेटला तेवढी वाट पाहावीच लागते. खालापूरच्या टोलनाक्यावर सुट्टीच्या दिवशी मालट्रकांच्या मागे रुग्णवाहिका अडकावी, तसाच हा प्रकार आहे. तिचा स्वतःचा वेग कमी झालेला नसतो.

संगणक क्षेत्रातले जिम गेटिस यांना २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर हाच अनुभव आला आणि त्यांनी या दुखण्याला बफरब्लोट हे नाव देऊन त्याविरुद्ध मोहीमच उघडली. कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल हा उपाय मांडला. पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे पाहून रांग आखूड ठेवणे, हे त्याचे सूत्र आहे. पुढे त्यातून आलेला एफक्यू-कोडेल आणि केक या पद्धती प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करतात, त्यामुळे फोटोंच्या मागे गेमला थांबावे लागत नाही. आपल्या राउटरमध्ये या पद्धती वापरणारी एसक्यूएम या नावाची सोय असेल तर ती चालू करावी आणि तिथे वेगाची मर्यादा स्पीड टेस्टमध्ये आलेल्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी. थोडा वेग सोडायचा तो यासाठी की रांग पुरवठादाराच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्येच लागावी, जिथे तिला शिस्त लावणे आपल्या हाती आहे. पुरवठादाराने दिलेल्या साध्या राउटरमध्ये बहुधा ही सोय नसते. तेव्हा एकेका उपकरणाची अपलोड मर्यादा ठरवून द्यावी किंवा फोनचा बॅकअप रात्री दोननंतर होईल असे पाहावे. विंडोजचे अपडेट आणि सीसीटीव्हीचे चित्रण बाहेर पाठवणारे कॅमेरेही हेच करतात, आणि कॅमेऱ्याचा संशय कोणाला येत नाही.

माझ्या मते गेम अडकण्याचे घरोघरचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे. याला नवा प्लॅन लागत नाही, आणि घरातल्या कोणावर ओरडण्याचीही गरज नसते.

दाराबाहेरची तार आणि लांबचा मार्ग

घराबाहेरच्या तारेची पहिली साक्ष भिंतीवरच्या फायबरच्या डबीवरचे दिवे देतात. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोहोचतच नाही. तो शांत असूनही प्रकाश क्षीण असू शकतो. बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती डीबीएम या मापात दिसते. घरगुती फायबरमध्ये ती उणे ८ ते उणे २७ या दरम्यान असावी आणि उणे २५ च्या पलीकडे गेली की पाऊस, वारा, सैल झालेला जोड अशा कोणत्याही निमित्ताने पॅकेट गळू लागतात. तंतू काटकोनात वाकवला तर प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. खिडकीच्या चौकटीत दाबली गेलेली तार, खिळ्याभोवती आवळलेला वेटोळा आणि उंदराने कुरतडलेले आवरण ही नेहमीची ठिकाणे आहेत.

पुरवठादाराच्या पलीकडचा मार्ग पाहण्यासाठी ट्रेसर्ट ही आज्ञा वापरतात. ती वाटेतल्या प्रत्येक थांब्याचा पत्ता आणि तिथपर्यंतचा वेळ ओळीने दाखवते. ती वाचताना एक चूक सर्रास होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. चौथ्या थांब्यासमोर १८० आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत १४-१५ दिसत असेल, तर चौथ्या थांब्यात काहीही बिघडलेले नाही. मोठे राउटर पॅकेट पुढे पाठवण्याचे काम आधी करतात आणि 'तू कोण' या प्रश्नाला सवडीने उत्तर देतात किंवा देतच नाहीत. आकड्याऐवजी नुसत्या चांदण्या (*) दिसतात त्याचेही बहुधा हेच कारण असते. चौथ्यापासून शेवटपर्यंत सगळेच आकडे १८० झाले असतील, तरच तिथे अडथळा आहे. थांब्यांच्या नावांत कित्येकदा विमानतळाची तीन अक्षरे दडलेली असतात. मुंबईसाठी बीओएम, चेन्नईसाठी एमएए, सिंगापूरसाठी एसआयएन. मुंबईच्या सर्व्हरकडे निघालेले पॅकेट मध्येच एसआयएन असलेल्या थांब्यावर दिसले, तर ते समुद्रापार जाऊन परत आले आहे. छोट्या पुरवठादाराची मुंबईत समोरच्या नेटवर्कशी थेट देवाणघेवाण नसली की असे घडते. देशातली वाहतूक देशातच फिरावी म्हणून निक्सी ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली, तरी कोणी कोणाशी कुठे जोडून घ्यायचे हा शेवटी व्यवहाराचा प्रश्न राहतो. अशा वळशाच्या प्रसंगी व्हीपीएनने, म्हणजे आपली वाहतूक स्वतःच्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेने, पिंग खरोखर कमी होऊ शकतो. एरवी व्हीपीएन म्हणजे वाटेत आणखी एक थांबा.

कधी दोष इतका दूर असतो की तो सर्वांनी मिळून सोसावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या समुद्राखालच्या तारा तुटल्या आणि भारत, पाकिस्तान व आखाती देशांतले इंटरनेट मंदावले. युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्याने अशा दिवशी आपला राउटर उघडून बसण्यात अर्थ नाही. मुंबईच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याला मात्र तो दिवस इतर दिवसांसारखाच जाऊ शकतो.

रोज रात्री आठ ते अकरा या वेळेतच पिंग चढत असेल आणि घरातली रांग आपण आधीच तपासली असेल, तर पुरवठादाराची पुढची जोडणी अपुरी पडते आहे. आठवडाभर सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ वाजताचे आकडे वहीत टिपून ठेवावेत. "नेट स्लो आहे" या तक्रारीला "राउटर रिस्टार्ट करा" हेच उत्तर मिळते. "राउटरपर्यंत १, तुमच्या पहिल्या थांब्यापर्यंत सकाळी ८ आणि रात्री १५०" या वाक्याला ते देता येत नाही. तक्रारीचा डॉकेट क्रमांक अवश्य मागून घ्यावा, कारण दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्राकडून समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि तिथे हा क्रमांक लागतो.

मित्र आत का येऊ शकत नाही

पिंग उत्तम आहे, सामने नीट चालतात, परंतु मित्राने गेममध्ये उघडलेल्या खोलीत शिरता येत नाही किंवा आवाज पोहोचत नाही, हा वेगळाच आजार आहे. त्याचे मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, म्हणून घरातली सारी उपकरणे एकाच बाहेरच्या पत्त्याआड राहतात आणि राउटर सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखे काम करतो. आतून कोणी मागवलेले पार्सल तो आत सोडतो. कोणी न बोलावता आले तर कोणत्या फ्लॅटकडे पाठवायचे हे त्याला ठाऊक नसते. एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट आणि प्लेस्टेशनवर टाइप १, २, ३ असे जे लिहून येते, ते या वॉचमनच्या कडकपणाचे वर्णन आहे. राउटरमधले यूपीएनपी, म्हणजे गेमच्या मागणीवरून दार आपोआप उघडण्याची सोय, चालू केले, किंवा गेमने सांगितलेला पोर्ट, म्हणजे त्या दाराचा क्रमांक, आपल्या यंत्राकडे वळवला, तर काम होते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीसाठी तो बहुधा २५५६५ असतो.

हे करूनही दार उघडत नसेल तर राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर पुरवठादाराने शेकडो ग्राहक एकाच पत्त्याआड ठेवले आहेत. पत्त्यांचा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये मुद्दाम याच कामासाठी राखून ठेवला गेला. येथे आपल्या वॉचमनच्या पलीकडे दुसरा वॉचमन आहे आणि तो आपले ऐकत नाही. पुरवठादाराकडून स्वतंत्र पत्ता विकत घेणे, दोन्ही बाजूंना आयपीव्ही६ ही भरपूर पत्त्यांची नवी पद्धत असल्यास ते वापरणे किंवा सर्व्हर भाड्याने घेणे, एवढेच मार्ग उरतात. पुरवठादाराच्या डबीला स्वतःचा दुसरा राउटर जोडलेला असेल तर घरातच दोन वॉचमन झालेले असतात. तेव्हा दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसते वाय-फाय देणारे यंत्र, म्हणून चालवावे.

लॉगिनच होत नसेल तर या साऱ्याच्या आधी संगणकाचे घड्याळ बरोबर आहे का, गेमची आवृत्ती ताजी आहे का, संगणकाच्या फायरवॉलने, म्हणजे राखणदार प्रणालीने, पहिल्यांदा विचारले तेव्हा गेमला चुकून परवानगी नाकारली होती का आणि कंपनीने सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद ठेवला आहे का, हे पाहून घ्यावे. डीएनएस बदलल्याने पिंग कमी होत नाही, कारण त्याचे काम सर्व्हरचा पत्ता शोधून देण्यापुरतेच असते. 'गेम बूस्टर' पार्श्वभूमीतली काही ॲप बंद करण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत, आणि तेवढे आपल्याला हातानेही करता येते.

कोल्हापुरातल्या त्या घरी फोनच्या अपलोडवर मर्यादा घातल्यावर रात्रीचा पिंग २४ ते ३० च्या दरम्यान टिकू लागला, पण बाहेरच्या खिडकीत तासाभरात पाच-सहा ओळी अजूनही रिकाम्या जात होत्या. डबीच्या पानावर प्रकाशाची शक्ती उणे २८ होती. वहीतले आकडे सांगून तक्रार नोंदवल्यावर तिसऱ्या दिवशी लाइनमन आला. सरकत्या खिडकीच्या खोबणीत तार दाबली जाऊन तिला वळ पडला होता आणि खिडकी लावली की तो आणखी आवळला जात होता. त्याने तेवढा तुकडा कापला, तंतू स्वच्छ करून नवा जोड दिला आणि तार खिडकीऐवजी भिंतीतल्या भोकातून आत घेतली. भाच्याने पान पुन्हा उघडले तेव्हा आकडा उणे २१ झाला होता, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास पाचपट प्रकाश आत येत होता. त्याने वहीत तारीख घालून तो लिहून ठेवला आणि प्लॅन पुन्हा ५० चा करायला फोन लावला.